परक्या शहरातल्या जाऊबाई

परक्या देशात येऊन वर्षही झालं नव्हतं, तरी थोरल्या जाऊबाई तिथल्याच वाटायच्या. करडा कोट घालून त्या निघाल्या, की लोक त्यांनाच पत्ता विचारत. पाहुणी आलेली धाकटी जाऊ गळ्यात कॅमेरा अडकवून मागून चालायची, आतल्या आत जळायची. “हळू बोल, पर्स पुढे घे,” त्या म्हणाल्या, की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा ट्राममध्ये दोन माणसं तिला खेटून उभी राहिली, पर्सची चेन सरकली. जाऊबाई तिच्या खांद्यावर हात टाकून तिथल्या भाषेत खणखणीत काहीतरी बोलल्या. दोघं पुढच्याच थांब्यावर उतरले. “काय म्हणालात?” “म्हटलं, ही माझी बहीण. पोलिसात आहे.” धाकटीला हसू फुटलं, तेवढ्यात खांद्यावरचा हात थरथरताना जाणवला. इतकं घाबरूनही असं बोलता येतं, याचा तिला नव्यानेच हेवा वाटला.