तिसरी डिश

मनस्विनीने मायक्रोस्कोपमधून पुन्हा पाहिलं आणि तिचं डोकंच फिरलं. पहिल्या डिशमधल्या कॅन्सरपेशींना नुसती किरणं दिली होती. दुसऱ्या डिशमधल्यांना आधी पेशींचं आवरण सैल करणारं औषध, मग किरणं. तिसरीला काहीच नाही. ती तुलनेपुरती येलहंकाच्या लॅबमधून शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डच्या किरणयंत्रापर्यंत जाऊन आली होती. पण काल टॅक्सी ट्रॅफिकमध्ये भर उन्हात अडकली, मांडीवरचा डिशचा डबा तापला आणि तिन्हींतल्या पेशी उकडून मेल्या. आता औषधाचा गुण कळणार कसा? महिन्याची मेहनत पाण्यात! तेवढ्यात फोन वाजला. घशाच्या कॅन्सरसाठी रोज किरणं घेणारे तिचे वडील घोगऱ्या आवाजात म्हणाले, “मनू, पेशी स्वल्प तरी मेल्या का गं?” तिने तिसरी डिश बाजूला सरकवली. “सगळ्या मेल्या, अण्णा.” “शाब्बास! मग उद्यापासून ही किरणं बंद. तुझं औषध आलं की दोन्ही एकदमच घेतो.”