खाली बांधलेलं शिंकं

गुळाच्या पाकाचा वास आला तेव्हा रुख्मा कीर्तनाला निघाली होती. हातात देवळातल्या समईसाठी तेलाची वाटी. पाय आपोआप थांबले. आज सण नाही, वार नाही, आणि वास येतोय धाकट्या जावेच्या घरातून. वच्छलेला तर उद्या सकाळच्या गाडीनं नागपूरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. छातीच्या बिमारीनं जिला धड उभं राहवत नाही, ती पाक करत बसली?

वाटणीनंतर दोन घरांमध्ये घातलेल्या कुडाचं फाटक ढकलून रुख्मा आत शिरली.

वच्छला चुलीपुढे बसून मुरमुऱ्याचे लाडू वळत होती. दोन लाडू वळायचे, तोंड फिरवून पदरात खोकायचं, हात धुवायचे, पुन्हा वळायचे. तिन्ही लेकरं भिंतीला पाठ लावून ओळीनं बसली होती, मास्तरापुढे बसावं तशी.

"या मडक्यात लाडू," वच्छला थोरलीला सांगत होती. "याच्यात पोहे. थंड पान्यात भिजवाचे. गूळ घ्या, नाही तं जवसाची चटनी. चूल पेटवाची नाही. बाबा मिलमधून येते दिवा लागल्यावर, तवर हेच खाचं. कोनाच्या दारात जाऊन उभं राहाचं नाही. काय सांगतलं मी?"

"चूल पेटवाची नाही. कोनाच्या दारात उभं राहाचं नाही," आठ वर्षांची नंदा म्हणाली.

रुख्माची नजर शिंक्यावर गेली. आढ्याच्या दोरीला जुन्या लुगड्याची धांदोटी जोडून ते पार नंदाच्या कपाळाशी आणलं होतं. कालच बुवांनी कीर्तनात गोकुळातलं शिंकं रंगवलं होतं. कान्हा टाचा उंचावतो, आणि गवळणी रोज एक गाठ वर चढवतात. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत रुख्मा हसली होती. शिंकं असतंच मुळी पोरांच्या हाताला लागू नये म्हणून. आईनं मुद्दाम खाली बांधलेलं शिंकं तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

तिचं डोकं फिरलं.

"काऊन वो, जित्तेपनीच आपल्या तेरवीचा सैपाक करून राहिली का?"

वच्छलेनं मान वर केली नाही. "लेकराइच्या पोटाचं पाहून राहिली."

"अन् माह्या घरची चूल काय इझली? कुडाच्या पल्याड सख्खी मोठीमाय बसली हाये, अन् तू पोट्टीले पोहे भिजवाचं शिकवून राहिली! गाव काय म्हनन मले?"

"गावाचं गाव पाहून घेइन."

"तोंड वर करून बोल. मले काऊन नाही इचारलं?"

वच्छलेनं हातातला लाडू नीट वळून मडक्यात ठेवला. मग वर पाहिलं.

"संक्रांतीले तुमचा चैतराम आला होता. नंदाच्या ताटात जेवाले बसला. तुमी आल्या, त्याले बखोटी धरून उठवलं. तोंडातला घास थुंकाले लावला. ह्या पोट्टीच्या समोर." तिला खोकला आला. तो जाईपर्यंत ती थांबली. "आता कोनत्या तोंडानं इचारू, जावबाई?"

देवळात मृदंगावर थाप पडली. बुवांनी नामघोष उचलला. रुख्मा हलली नाही.

"बिमारीले डरली होती मी," रुख्मा म्हणाली. "मले एकच पोट्टा हाये."

"मले तीन हायेत."

रुख्मानं तेलाची वाटी जमिनीवर आदळली. मडक्यात हात घातला, एक लाडू उचलला आणि उभ्यानंच खाऊ लागली. कराकरा, त्या लाडवाशीच तिचं वैर असल्यासारखी. चुलीत एक काडी तडतडली.

"माय वो," सगळ्यात धाकटा हळूच म्हणाला, "मोठीमाय आपला लाडू खाऊन राहिली."

"खाइन," रुख्मा त्याच्यावर खेकसली. "अखीन एक खाइन."

आणि तिनं खाल्ला. तळहाताला चिकटलेला शेवटचा मुरमुरासुद्धा चाटून घेतला. मग शिंक्यातली बाकीची मडकी उतरवली, धांदोटीची गाठ दातांनी सोडवली आणि शिंकं वर बांधलं. रुख्मा नवऱ्याहून बोटभर उंच होती. तिनं स्वतःचा हात पुरेल तिथं गाठ मारली, ओढून पाहिली, एकेक मडकं, लाडवांचंही, आत ठेवलं.

"याले कोनी हात लावाचा नाही," ती पोरांना म्हणाली. आवाजातला राग कणभर उतरला नव्हता. "भूक लागली का कुडाकून हाक मारा. मी येइन, मी काढून देइन. अन् जेवाच्या टायमाले चैतरामच्या ताटात बसाचं. एकाच ताटात. समजलं का, नंदा?"

नंदानं आईकडे पाहिलं.

वच्छला भिंतीला धरून उठली. शिंक्याखाली येऊन तिनं टाचा उंचावल्या, हात वर केला. बोटं मडक्याच्या बुडाशीही पोचेनात.

"जावबाई, हे तं माह्याई हाताले येत नाही."

"मंग परत ये," रुख्मा म्हणाली. "तू आली का खाली बांधून देइन."

लुगड्याची ती धांदोटी तिनं चारदा घडी घालून आपल्या कमरेला घट्ट खोचली.