देवमाशांची परवानगी

देवगडपासून दूर समुद्रात जहाज कंपनीच्या मृण्मयी तांडेलने बोट थांबवली. जहाजांचा नवा मार्ग देवमाशांच्या वस्तीतून जाणार होता, आणि त्यांची भाषा उलगडल्यापासून त्यांना विचारल्याशिवाय असा मार्ग आखता येत नसे. तिने पाण्यात स्पीकर सोडला आणि घोटून तयार केलेलं सादरीकरण सुरू केलं. जहाजांचा वेग, अंतर, टक्केवारी.

भाषांतरयंत्रातून कळपातल्या म्हातारीचा आवाज आला, "पोरी, फार बोलतेस. आम्हाला भीती जहाजांच्या आवाजाची वाटते."

मृण्मयी थबकली. तिने आकडे गुंडाळले आणि जुन्या इंजिनाची घरघर पाण्यात ऐकवली. सगळा कळप लांब पळाला.

"हे इंजिन आता बंद," ती घाईने म्हणाली. "यापुढे जहाजांना हे नवं बसेल. ऐका."

कळप हळूहळू परतला. बराच वेळ गेला.

"लाव की मग," म्हातारी म्हणाली.

"कधीच लावलंय, आजी!"

मग म्हातारीने अख्खं अंग पाण्याबाहेर झोकून दिलं. तिच्यामागे पिल्लंही उसळली. बोट हेलकावली, मृण्मयी नखशिखांत भिजली आणि हसतच सुटली.

"येऊ देत तुमची जहाजं," यंत्रातून म्हातारी म्हणाली.