तुळशीचं गोंदण

“दहा वर्षं अमेरिकेत राहिल्याचा एक तरी पुरावा?” वकीलबाईंनी विचारलं. सुंद्रामावशींकडे ना व्हिसा, ना घराचा करार. न्यू जर्सीतल्या आम्हा मराठी बायकांच्या बाळांना न्हाऊ घालत त्या राहिल्या होत्या. आता देश सोडायची नोटीस आली होती, आणि ती थांबवायला आधी दहा वर्षांचं वास्तव्य सिद्ध करावं लागणार होतं.

आम्ही चौदा जणींनी टेबलावर फोटो मांडले. प्रत्येकात मावशींच्या पायांवर तेलानं माखलेलं पालथं बाळ, खाली तारीख.

“यात यांचा चेहरा कुठे आहे?”

आम्ही चपापलो. पकडलं जायच्या भीतीनं मावशी फोटोत कधी तोंड दाखवत नसत.

मावशींनी मात्र बाही वर सारली. “तोंड कशाला हवं? हात बघा की.” मनगटावर तुळशीचं हिरवं गोंदण, एक पान अर्धवट राहिलेलं. चौदाही फोटोंत बाळाला चोळणाऱ्या हातावर तेच अर्धं पान होतं.

वकीलबाईंनी फोटो तारखेनं लावले. सगळ्यात जुना अकरा वर्षांपूर्वीचा, माझ्या लेकीचा.

“कोर्टात काय सांगायचं ते मी बघते.” पोटावर हात ठेवत त्या उठल्या. “मार्चमध्ये मी बाळंत होणार आहे, मावशी. तुम्ही कुठेही जायचं नाही.”