स्कोअरशीट

आइस रिंक बंद पडली आणि तिच्याबरोबर शाळकरी मुलांची हॉकी लीगही गुंडाळली गेली. लीगचा छोटासा इतिहास लिहायचं काम हरीशच्या गळ्यात पडलं, कारण त्याची मुलगी निधी तिथे तीन हिवाळे खेळली होती. दर रविवारी आयर्लंडमधल्या मेनूथ गावाहून दीड तास गाडी चालवत तो तिला न्यायचा. वाटेत सांगलीतल्या आपल्या शाळेतल्या गमती सांगायचा. रिंकवर मात्र गारठा फार, म्हणून मॅच संपेपर्यंत पार्किंगमध्ये गाडीतच, घरी बसायचा तसाच, लॅपटॉप उघडून बसायचा. "कशी झाली मॅच?" विचारलं की निधी तिच्या आयरिश इंग्रजीत म्हणायची, "ग्रँड, बाबा." म्हणजे छान झाली.

आता कमिटीने दिलेल्या खोक्यातल्या स्कोअरशीट्स तो चाळत होता. पहिल्या चार मॅचनंतर खेळाडूंच्या यादीत निधीचं नाव कुठेच नव्हतं. सगळा गठ्ठा पुन्हा पाहिला. नाव होतं, पण प्रत्येक शीटच्या तळाशी, स्कोअर लिहिणाऱ्याच्या जागी.

त्याने तिला बोलावलं. "चार मॅचनंतर तुला टीममधून काढलं होतं?"

"हो."

"मग तीन वर्षं नुसते दुसऱ्यांचे गोल लिहायला जात होतीस? मला सांगितलं असतंस तर आपण जाणंच बंद केलं असतं ना!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

हरीशला काही कळेना. निधी शीट्स गोळा करून परत खोक्यात भरू लागली.

"गाडी चालवताना तुझा लॅपटॉप बंद असायचा, बाबा."