चकमकीची बंदूक

आतल्या खोलीत गफ्फारच्या बायकोच्या, कनीजच्या, अडकित्त्यानं सुपारी कातरली, कट्! आणि मगच ओसरीवरच्या माणसांनी श्वास सोडला. गफ्फारनं बंदुकीच्या नळीवरचा डोळा उचलला.

"नळी तं सीधी हाय, बाई."

"पुन्हा पाहा, गफ्फारभाऊ," वच्छला म्हणाली. "वाकडीच असन ते."

नळी वाकडी निघायलाच हवी होती. इतकी वर्षं वच्छला त्याच एका गोष्टीच्या आधारानं उभी होती. धान भरात असताना डुकरं आली. तिच्या नवऱ्यानं, वारलूनं, बांधावरून बार टाकला. आवाज साऱ्या गावानं ऐकला. उजाडल्यावर माणसं गेली, तर वारलू बांधाखाली पडलेला. सुळेवाल्या डुकरानं त्याला उभा फाडला होता, आणि डुकराच्या रक्ताचा धानावर एक थेंब नव्हता. गाव म्हणालं, वारलू हुकला. पैजेनं नेम मारणारा वारलू, घाबरला अन् हुकला. वच्छला म्हणाली, तो हुकणारा नव्हे. बंदूक बेईमान झाली. आता नळी सरळ ठरली, तर गावच खरं ठरणार होतं.

परवाना चांद्याहून धाकट्या दिराच्या, लटारूच्या नावावर होऊन आला होता. जुनी देऊन नवी घ्यायला तो वहिनीला आणि तिच्या पोरीला, रंभीला, बैलगाडीत घालून ब्रह्मपुरीला, बंदुका विकणाऱ्या गफ्फारकडं घेऊन आला होता. सतरंजीवर नवी बंदूक तेल पिऊन चकाकत होती.

"वयनी, चकमकीचा जमाना गेला," लटारू म्हणाला. "हे पाय, टोपीची. घोडा टोपीवर पडला का बार उडला. गारगोटी झिजली, दारू भिजली, काही झंझट नाई."

"दोन्ही ठासणीच्याच," गफ्फार हसला. "एक सासू, एक सून. दोघींच्याबी तोंडात हातानंच भरवा लागते."

वच्छला हसली नाही. ती जुनीच्या घोड्याकडं बघत होती. घोड्याच्या दातांत गारगोटी अजून तशीच बसलेली. घरातली काडेपेटी सरली की वारलू ही बंदूक चुलीपाशी घेऊन बसायचा. सावरीचा कापूस धरायचा, रिकाम्या बंदुकीचा घोडा ओढायचा, आणि ठिणगी पडली की म्हणायचा, "घे, रानी, तोफेची सलामी! टाक चाय!" शिसं वितळवायला तो तिचीच पळी पळवायचा. साच्यातली गरम गोळी राखेत टाकायचा. ती ओरडायची, तो नवी पळी आणायचं कबूल करायचा. नवी पळी कधी आली नाही. बंदुकीला लावायच्या मोहाच्या तेलाचा वास मात्र त्याच्या बोटांना कायम असायचा, आणि तिच्या केसांनाही.

"झगडा काहाले?" गफ्फार उठला. "मारूनच पाहू. हिची गोळी द्या. ठासणीचं असंच असते, बाई, जिचा साचा तिची गोळी. दुसरीची तिले बसत नाई."

लटारूनं गाठोड्यातून गोळ्यांची कातडी थैली काढली. वारलू गेल्यापासून ती बंदुकीसोबत खुंटीवर होती. थैलीचं तोंड दोऱ्यानं शिवलेलं होतं. गफ्फारनं चाकूनं टाके कापले, एक गोळी निवडली, आणि सगळे घरामागच्या तलावाच्या पाळीवर गेले.

पळसाच्या फांदीला वाळक्या भोपळ्याचा तुंबा टांगला. गफ्फारनं दारू ओतली, चिंधीत गोळी गुंडाळली, गजानं ठासली. रंभीनं कान झाकले. घोडा पडला, ठिणगी उडाली, आणि धूर सरला तेव्हा फांदीला नुसती दोरी लोंबत होती. रंभी टाळ्या पिटत नाचली.

लटारूनं मान खाली घातली. "मंग दादाच हुकला, वयनी," तो हळूच म्हणाला.

वच्छला पाळीवर मटकन बसली.

गफ्फार मात्र थैली उलटीपालटी करत होता. "लटारू, हे कोनं शिवली?"

"का मालूम. दादा गेल्यावर कोनी हातच नाई लावला तिले."

"घरात दुसरी गोळी होती का हिची?"

"नाई. साऱ्या हितंच ठेवे तो."

"मंग हुकला कसा तो?" गफ्फारचा आवाज चढला. "अरे, हुकाले नळीत गोळी तं पाह्यजे! साऱ्या तं त्यानंच या थैलीत शिवून टाकल्या होत्या. त्यानं नुसती दारू ठासली होती. डुकरं भेवाले, आवाजापुरती."

वच्छलेनं थैली हातात घेतली. दोरा लाल होता. येणाऱ्या बाळासाठी ती तेव्हा गोधडी शिवत होती, तिचाच तो दोरा. टाके पुरुषी हाताचे, वाकडेतिकडे, एकावर एक चढलेले. बाई पोटुशी असली की घरधन्यानं जीव घेऊ नये, असं गावात मानतात. तिनंही सातव्या महिन्यात त्याला म्हटलं होतं, "हे सुखरूप होयेपर्यंत कोनाचा जीव नोका घेऊ जी." तो खदाखदा हसला होता. "डुकरं का तुले विचारून येते?" म्हणाला होता. ती रुसून भिंतीकडं तोंड करून झोपली होती. कधीतरी तिच्या पाठीमागंच त्यानं सुईत दोरा ओवला असणार.

"मंग कोनती घ्याची, वयनी?" लटारूनं विचारलं.

वच्छलेनं चकमकीची बंदूक गफ्फारच्या हातातून काढून घेतली. नळी अजून ऊन होती. तिनं ती पदराखाली धरली, लेकराला धरावं तशी.

"हीच," ती म्हणाली. "सरळ हाय ना नळी."

रंभी तिच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. थैलीच्या कापलेल्या टाक्याचं टोक तिनं चिमटीत धरलं.

"आई, बाबा हे शिवत होता, तवा मी कुठी होती वं?"