पाठीला पाठ

"पटलं नाही, स्वल्पविराम, तर पुढच्या जत्रेत दोघांनी पाठीला पाठ लावून उभं राहायचं, पूर्णविराम," गिरिजाने हस्तलिखितातून वाचलं.

समोर तिचा नवरा आत्माराम प्रुफावर पेन्सिल फिरवत होता. 'देशोदेशीचे सण' नावाच्या पुस्तकाचं काम. ती विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचणार, तो छापलेलं ताडून बघणार. लग्नापासून हेच. गिरगाव सोडून वसईच्या खाडीअलीकडे नवघरच्या या एका खोलीत आले, तरी रविवार त्यातच जायचा. आज मात्र तो चुका सोडत चालला होता. सकाळी चहा गाळता गाळता गिरिजाने सांगून टाकलं होतं, की आता बास, तुमचं सगळं करून मी थकले, वसईला भावाकडे जाते, परत यायची नाही. भांडण नाही, आदळआपट नाही. त्यावर हा गृहस्थ म्हणाला काय, तर एवढं प्रूफ संपवून जा.

आयर्लंडातली जुनी रीत होती ती. लूनसा म्हणजे त्यांचा सुगीचा सण. त्या जत्रेत पोरापोरींनी हातात हात द्यायचा, वर्षभर आणि वर एक दिवस संसार करून बघायचा. नाहीच जमलं, तर पाठीला पाठ लावून एकाने उत्तरेला चालू लागायचं, दुसऱ्याने दक्षिणेला. सुटले. ना कोर्ट, ना चार लोकांची कुजबुज.

"बरं होतं त्यांचं," गिरिजा म्हणाली. रडावंसं वाटत होतं, पण तेवढंही त्राण नव्हतं.

आत्मारामने पेन्सिल ठेवली. उठला आणि खोलीच्या मधोमध जाऊन पाठमोरा उभा राहिला. म्हातारचळ लागला की काय याला, तिला वाटलं. तरी ती उठली. पाठीला पाठ लागली. त्याचा सदरा घामाने भिजला होता.

"उत्तर कुठली हो?"

"विरारकडची. दाराची बाजू. तू तिकडे जा, वसई तिकडेच."

चार पावलांत दार आलं. भरलेली पिशवी तिथेच होती. तिने कडीला हात घातला, तेवढ्यात मागून डब्यांचा आवाज आला, म्हणून वळून पाहिलं.

दक्षिणेला ओटा होता. बावीस वर्षांत या माणसाने पाण्याचा पेलासुद्धा हाताने भरून घेतला नव्हता. तो स्टोव्हपुढे उभा राहून एकेक डबा उघडत होता, हुंगत होता, झाकण परत लावत होता. तिला इतका राग आला आणि इतकी कीव, की कडी काढायचं राहूनच गेलं.

"गिरिजा," तो मागे न बघता म्हणाला, "काडेपेटी कुठे असते आपली?"